थंड लागतंय का, काका?

कस्टमकाकांचा हात मोडला तो एका सुटकेसमुळे. नोकरीतली सगळी वर्षं त्यांनी लोकांच्या बॅगा उघडण्यात घालवली. निवृत्तीनंतर माळ्यावरची घरचीच एक बॅग त्यांच्या अंगावर आली. ते स्टुलावरून खाली आले आणि डावा हात त्यांच्याही खाली आला.

"इतक्या लोकांचे तळतळाट घेतलेत," काकू म्हणाल्या, "कुठून तरी निघायचेच."

काका फरशीवर बसल्या बसल्या म्हणाले, "काही नाही. मुका मार आहे."

"काही नाही" हे काकांचं आवडतं वाक्य होतं. दाढ काढली तेव्हा काही नाही, तव्याला बोट चिकटलं तेव्हा काही नाही, कुत्रा चावला तेव्हाही काही नाही. त्या वेळी कुत्र्याचीच चौकशी जास्त झाली. हा मुका मारही त्यांनी दुसऱ्या दिवसापर्यंत मुकाच ठेवला असता आणि पुढेही ठेवला असता. पण लेक भेटायला आली आणि तिने पाहिलं, की बाबांचा हात कोपर आणि मनगट यांच्यामध्ये वाकतोय. तिथे देवाने कुणालाच सांधा दिलेला नाही.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला. दोन्ही हाडं मोडली होती. "पट्ट्या टाकून स्क्रू मारू, हात पहिल्यासारखा होईल," असं ते आनंदाने म्हणाले. मग छातीचा फोटो बघितला आणि त्यांचा आनंद जरा ओसरला. जप्त केलेल्या सिगारेटी काकांनी कधी ओढल्या नव्हत्या, तत्त्वाचा माणूस. पण विकत घेतलेल्या इतक्या ओढल्या होत्या, की आता जिना चढताना त्यांच्या छातीत जुनं दार करकरावं तसा आवाज यायचा.

म्हणून भूलतज्ज्ञ बाईंना बोलावलं. बाई बुटक्या, चष्मेवाल्या, आणि बोलताना समोरच्याचं मनगट हातात धरून ठेवायची सवय असलेल्या. नाडी बघतायत की धीर देतायत, हे कळायला मार्ग नाही.

"काका, दोन रस्ते आहेत," त्या म्हणाल्या. "एक म्हणजे पूर्ण भूल. तुम्हाला झोपवायचं, घशात नळी घालायची, श्वास मशीन घेणार. तुमच्या फुप्फुसांकडे बघता मला तो रस्ता नको आहे. नंतर मशीन काढताना ती साथ देतील याची खात्री नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मशीनवरच राहावं लागू शकतं. काही दिवस. कधी कधी जास्त."

काकूंनी पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

"दुसरा रस्ता सोपा आहे. फक्त हात बधिर करायचा. काखेत सोनोग्राफीचं यंत्र लावून आतल्या नसा बघायच्या, आणि प्रत्येक नसेभोवती औषध सोडायचं. तुम्ही जागे, श्वास तुमचा तुम्हीच घ्यायचा, हात मात्र परका."

"सोनोग्राफी?" काकू म्हणाल्या. "या वयात? बघा, मुलगा की मुलगी ते."

सगळे हसले. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "आणि हात बधिर नाही झाला तर?"

"नाहीच झाला तर मग झोपवावं लागेल."

बाई यापुढेही बोलल्या. बऱ्याच बोलल्या, आणि सगळं कामाचं बोलल्या. पण काकांचं कान देणं तिथेच संपलं होतं. ही त्यांची जुनी खोड. बॅगेत एक वस्तू सापडली, की प्रवासी पुढे काय सांगतोय ते ते ऐकतच नसत. आता त्यांना सापडलेली वस्तू होती "झोपवावं लागेल". ती त्यांनी उचलली, मनातल्या मनात सीलबंद केली आणि घरी घेऊन गेले.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी काकूंना कपाटाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगितलं, विम्याची फाइल दाखवली आणि नळाचा वॉशर बदलून घ्यायला सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"वॉशर तुम्हीच बदला परत आल्यावर," त्या म्हणाल्या. "मी हात लावणार नाही."

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी काकांचा चष्मा, कवळी आणि घड्याळ काकूंच्या ओंजळीत आलं. ट्रॉली आत गेली. बाई मागोमाग जात होत्या, तेवढ्यात काकूंनी त्यांचा हिरवा डगला मागून धरला.

"डॉक्टर, एक सांगू? ह्यांच्या तोंडावर जाऊ नका. ह्यांच्या पायाकडे बघा."

"पायाकडे?"

"दुखलं की उजव्या पायाचा अंगठा वर होतो. हा असा. तोंड म्हणेल काही नाही. अंगठ्याला खोटं बोलता येत नाही." मग खाजगी आवाजात, "हेच मला शिकवायचे हो. कस्टममध्ये नव्या पोरांना सांगायचे, चेहऱ्याकडे काय बघता, चेहरा घरून तयार करून आणलेला असतो, पायाकडे बघा. मी लग्नापासून तेच करतेय."

बाई हसल्या, मान डोलवली आणि आत गेल्या. सकाळपासून त्यांना नातेवाइकांनी बरंच काही सांगितलं होतं. एकीने तर पेशंटला गार पाणी चालत नाही, तेव्हा सलाइन कोमट करून लावा, असंही सुचवलं होतं.

आत गारठा होता. काकांच्या डोक्याखाली उंच उशी दिली होती, कारण सपाट झोपलं की त्यांना दम लागायचा. डावा हात बाजूच्या फळीवर पसरला होता, काख छताकडे उघडी. आयुष्यात पहिल्यांदाच काकांची झडती होत होती.

"हे बघा," बाईंनी काखेत गार जेली लावून यंत्र टेकवलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुमच्या बॅगा बघायच्या मशीनसारखंच आहे."

काकांनी निरखून पाहिलं. चष्म्याशिवाय ते धुक्यातलं बंदर वाटत होतं. मधोमध एक काळं वर्तुळ धडधडत होतं.

"ही धमनी. आणि तिच्याभोवती ही मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसतायत ना, त्या नसा."

पोळी पडद्यावर होती. काकांनी ती सवयीने मोजून ठेवली.

सुई आत शिरली. पडद्यावर ती एक पांढरी रेघ होती, आणि बाई ती रेघ मुंगीच्या चालीने पुढे नेत होत्या. टोक एका पोळ्याशी थांबलं. सिस्टरने पिचकारी दाबली तसं पोळ्याभोवती काळं पाणी पसरलं आणि पोळं त्यात तरंगायला लागलं. मग दुसरं. मग धमनीच्या पाठीमागे दडलेलं तिसरं, ते बाईंनी असं शोधून काढलं की काकांना व्यावसायिक कौतुक वाटलं. करंगळीकडे जाणाऱ्या नसेशी सुई आली, आणि नेमका त्याच वेळी काकांच्या छातीतून खोकला निघाला.

बाईंनी झटकन सुई मागे घेतली. "काय झालं? दुखलं?"

"काही नाही. काही नाही. चालू द्या."

त्यांनी चालू दिलं. पण खोकल्याच्या दुसऱ्या उबळीने पडद्यावरचं चित्र हलत राहिलं, आणि तिथलं काळं पाणी पोळ्याच्या एकाच अंगाला साचलं. बाईंनी जरा डोळे बारीक केले. पिचकारीत औषध उरलं होतं, ते तसंच राखून सुई बाहेर काढली. "बघू," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "थोडा वेळ देऊ."

वेळ देण्याच्या बाबतीत हाडांचे डॉक्टर कंजूष होते. हात धुऊन, ते छातीशी जोडून ते आत आले आणि नाटकाची घंटा का होत नाही असं विचारणाऱ्या प्रेक्षकासारखे उभे राहिले. "झालं का?"

"बधिर होतोय, सर."

"बाहेर आणखी एक खुबा वाट बघतोय."

काकांच्या हातात ऊब भरत चालली होती. मग हात जड झाला. मग तो हात आहे की बाजूला कुणी ठेवलेलं पार्सल, असा प्रश्न पडावा इतका दूर गेला. अंगठा गेला, मधलं बोट गेलं. काकांनी मनातल्या मनात हजेरी घेतली. करंगळी मात्र हजर होती. करंगळी आणि तिच्या बाजूने कोपराकडे जाणारी सगळी पट्टी ठणठणीत जागी होती. तिथे चादरीची सुरकुतीसुद्धा टोचत होती.



बाईंनी बर्फाचा तुकडा घेतला. "सांगा हं. थंड लागतंय का?"

अंगठ्यावर. "नाही." खरं होतं.

मधल्या बोटावर. "नाही." हेही खरं.

करंगळीच्या बाजूला बर्फ टेकला आणि काकांच्या कोपरापर्यंत हिवाळा गेला.

बाई विचारतच होत्या, "आणि इथे थं..."

"नाही," काका म्हणाले.

ते लटपटले नाहीत की चाचरले नाहीत. फक्त, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देणारा माणूस काहीतरी लपवतोय, हे नव्या पोरांना त्यांनीच शिकवलं होतं, ते या क्षणी त्यांना आठवलं. आठवून उपयोग नव्हता. माल आता काउंटरपलीकडे गेला होता.

काकांचा हिशेब सरळ होता. खरं बोललं, तर झोपवणार. झोपवलं, तर मशीन. मशीन लागलं, तर काकू बाहेरच्या बाकावर चष्मा आणि कवळी घेऊन बसून राहणार, काही दिवस, कधी कधी जास्त. त्यापेक्षा चामडीला सांगायचं, गप्प बस. एवढे लोक सोसतात. सोसू. किती वेळ लागणार तो? दाढ काढली तेव्हा नाही का सोसलं?

दाढेला स्क्रू मारलेला नव्हता, हे त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं.

हात तांबड्या औषधाने पुसला गेला. दंडाला पट्टा आवळला. मानेजवळ हिरवा पडदा उभा राहिला आणि हात पलीकडे दिसेनासा झाला. काका उंच होते, त्यामुळे खालच्या बाजूला चादर पुरली नव्हती, पावलं बाहेर. कुणाचं लक्ष नव्हतं.

"करंगळीच्या बाजूने सुरू करू," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "ते हाड आधी."

काकांनी डोळे मिटले. उजवी मूठ चादरीत आवळली. छातीतलं दार करकरायला लागलं. डोक्यापाशी मॉनिटर टिकटिकत होता, त्याची टिकटिक जवळजवळ यायला लागली. सिस्टर म्हणाली, "पल्स वाढलीय, मॅडम."

"घाबरलेत," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "होतं. काका, मी फक्त चिमटा काढून बघतोय हां. दुखतंय?"

चिमट्याचे दात कातडीत रुतले. काकांच्या डोळ्यांपुढे पांढरं झालं.

"नाही," ते म्हणाले. अगदी सपाट, नाकासमोर बघून, काउंटरवरच्या आवाजात.

"छान. ब्लेड द्या."

बाई मॉनिटरकडे बघत होत्या. तिथून त्यांची नजर काकांच्या चेहऱ्यावर गेली. चेहरा घरून तयार करून आणल्यासारखा होता. मग, का कोण जाणे, त्यांना मागून धरलेला डगला आठवला. त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

उजव्या पायाचा अंगठा ताठ उभा होता. वर्गात उत्तर येणाऱ्या पोराने बोट वर करावं तसा.

"थांबा, सर."

"आता काय?"

"ब्लेड उचला. प्लीज. अजिबात टेकवू नका."

ब्लेड हवेत राहिलं. बाईंनी बर्फाचा तुकडा उचलला आणि डावीकडे न जाता टेबलाला वळसा घालून उजव्या बाजूला आल्या. काकांच्या आवळलेल्या मुठीवर, धडधाकट हातावर, त्यांनी बर्फ टेकवला. "काका, थंड लागतंय का?"

"नाही."

बर्फाचं पाणी काकांच्या मनगटावरून ओघळून बाहीत गेलं.

"काका," बाई हळूच म्हणाल्या, "हा तुमचा चांगला हात आहे."

काकांनी डोळे उघडले. उजव्या हाताकडे पाहिलं. बर्फाकडे पाहिलं. त्यांनी पकडलेल्या असंख्य माणसांचे चेहरे त्यांना दिसले, बॅगेचा चोरकप्पा उघडल्यावरचे. आणि आपला चेहरा आत्ता नेमका तसाच असणार, हेही कळलं.

"नोकरी कशात केलीत, काका?" पडद्यापलीकडून हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"कस्टम."

"अरे वा. म्हणजे चोराच्या मनात काय असतं ते चांगलंच माहीत."

"सर, जरा," बाईंनी त्यांना गप्प केलं, आणि सवयीप्रमाणे काकांचं मनगट धरलं. "करंगळीकडे लागतंय ना सगळं?"

काकांनी मान हलवली.

"मग खोटं का सांगितलंत?"

"झोपवाल म्हणून." आवाज काउंटरवरचा राहिला नव्हता. "ती बाहेर बसलीय हो. कवळी घेऊन."

बाईंनी मास्कमधूनच मोठा श्वास सोडला. "मी त्या दिवशी पुढे काय म्हटलं होतं? एखादी बाजू राहिली, तर तेवढीच नस पुन्हा बघून तेवढंच इंजेक्शन देता येतं. फक्त मला सांगा. हे ऐकलंत?"

"नाही."

"हे 'नाही' खरं दिसतंय. आता नीट ऐका. आत्ता ब्लेड लागलं असतं, तर तुम्ही कितीही दात आवळलेत..."

"दात बाहेर आहेत," काका म्हणाले.

"...तरी हात झटकला गेला असता. उघडी जखम, रक्त, तुम्ही खोकताय. मग मला घाईघाईत तुम्हाला झोपवावंच लागलं असतं. ज्याला घाबरून लपवलंत, तेच झालं असतं."

काकांच्या पायाचा अंगठा खाली गेला.

"थोडं औषध राखलंय मी. पण एवढंच आहे. याच्यावर एक थेंब देता येणार नाही, हृदयाला झेपणार नाही. म्हणून या वेळी सुई बरोबर बसली पाहिजे, आणि त्यासाठी तुम्ही हलायचं नाही. काही जाहीर करायचंय आधी?"

हा प्रश्न काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. त्याचं उत्तर देणं इतकं अवघड असतं, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"खोकला येणार आहे," काका म्हणाले. "छातीत आहे. मगाशीही होता."

"मग आधी तो काढून टाका."

काका खोकले. मनापासून, पोटापासून, शेजारच्या थिएटरमधल्या माणसाने काम थांबवून बघावं असं खोकले. हाडांचे डॉक्टर हात छातीशी धरून छताकडे बघत राहिले. मग छातीतलं दार एकदाचं बंद झालं.

पुन्हा जेली, पुन्हा धुक्यातलं बंदर. पांढरी रेघ पुढे सरकली. काकांनी श्वास इतका बारीक केला की मॉनिटरलाही तो शोधावा लागला. रेघेचं टोक पोळ्याच्या कोरड्या अंगाला पोचलं. काळं पाणी सुटलं, एका बाजूने आलं, वळसा घालून दुसऱ्या बाजूने आलं, आणि दोन्ही टोकं एकमेकांना भेटली. पोळं चारी बाजूंनी तरंगायला लागलं.

"संपलं," सिस्टर रिकामी पिचकारी दाखवत म्हणाली.

आता नुसतं थांबायचं. हाडांच्या डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी घड्याळाकडे बघणं सोडलं.

"काका, थंड?"

आता "नाही" म्हटलं की सुटका होती. जिभेच्या टोकाशी तयार होतं ते. काकांनी गिळलं.

"आहे," ते म्हणाले. "मगाएवढं नाही. पण आहे."

पडद्यापलीकडे कुणाचा तरी सुस्कारा ऐकू आला. बाईंनी बर्फाचा नवा तुकडा मागवला आणि उभ्या राहिल्या. काकांना काकू दिसत होत्या, बाकावर, पर्सची चेन उघडत आणि लावत. औषध संपलं होतं. करंगळी अजून बोलत होती.

बऱ्याच वेळाने पुन्हा, "काका?"

काकांनी शोधलं. अंधाऱ्या खोलीत किल्ली शोधावी तसं चाचपून शोधलं. "ओलं वाटतंय," ते म्हणाले. "थंड... नाही. काहीतरी ठेवलंय एवढं कळतंय."

"आणि इथे?"

"अहो बाई, तो चांगला हात आहे! गारठलाय तो!"

"चिमटा, सर," बाई म्हणाल्या. त्या काकांकडे बघत नव्हत्या. टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे बघत होत्या. चिमट्याने कातडी धरली, दाबली, पिळली. अंगठा निवांत पडून होता.

"करा सुरू."

त्यानंतर शेजारी कुणी तसबिरी टांगाव्यात तसा ड्रिलचा आवाज येत राहिला. तसबिरी काकांच्या हातात टांगल्या जात होत्या, पण त्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. मध्येच बाई विचारायच्या, "काही जाहीर?" काका म्हणायचे, "पाठीला रग लागलीय." मग कुणीतरी पाठीखाली घडी सरकवायचं. एकदा म्हणाले, "नाक खाजतंय." सिस्टरने नाक खाजवून दिलं. तक्रारीला एवढी किंमत असते, हे त्यांना या वयात कळत होतं, आणि ते जरा लाडावलेच.

वॉर्डात डावा हात उशीवर ठेवला होता, बेवारशी सामानासारखा. काकांनी तो उजव्या हाताने उचलून बघितला आणि तो सुटून त्यांच्याच पोटावर धपकन पडला.

"दुखलं का हो आत?" काकूंनी विचारलं.

काका "काही नाही" म्हणायला तोंड उघडत होते. "चिमटा काढला तेव्हा दुखलं," ते म्हणाले. "खूप."

काकूंनी घाबरून लेकीकडे पाहिलं. "अगं, डॉक्टरांना बोलव. हे बघ काय बोलायला लागलेत."

दिवेलागणीला बोटांत मुंग्या आल्या. बाई सांगून गेल्या होत्या, की बधिरपणा उतरायला लागला की लगेच सांगायचं, दुखणं चढायच्या आधी. तो उतरला, आणि मागोमाग ठणका हळूच आत शिरला. सिस्टर आली.

"काका, शून्य ते दहा. दहा म्हणजे सहन न होणारं. किती दुखतंय?"

काकांनी आयुष्यात कुणी जाहीर केलेली पहिली किंमत खरी मानली नव्हती. ते म्हणाले, "तीन."

काकू पायाशी बसल्या होत्या. त्यांनी नुसतं चादरीकडे पाहिलं. चादरीला एका जागी तंबू झाला होता.

काकांनी काकूंच्या नजरेमागे पाहिलं आणि त्यांनाही तो तंबू दिसला.

"पाच," ते म्हणाले.

तंबू तसाच.

"सात, सिस्टर. सात धरा. आणि वाढतंय."

सिस्टर इंजेक्शन आणायला गेली. काकूंनी उठून चादर खाली ओढली, अंगठ्यावर नीट खोचली आणि वरून दोनदा थोपटलं.

"याला आता झोपू दे," त्या म्हणाल्या. "माणूस बोलायला लागलाय."